स्थापित, निवडलेला व चालू : लिनक्स सर्व्हरवरील कर्नल-बदलाची मीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरची देखभाल ज्यांच्याकडे असते त्यांना एक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. कर्नलची नवी आवृत्ती उतरवून घेतली जाते, ती बसविल्याचा निर्वाळा पॅकेज-व्यवस्था देते, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला जातो. आणि ‘यूनेम -आर’ ही आज्ञा देऊन पाहावे तो उत्तर येते ते जुन्याच आवृत्तीचे. कोठेही त्रुटीचा संदेश नसतो. अशा वेळी घाईघाईने काही ठरावीक उपाय योजले जातात. पॅकेज पुन्हा बसविले जाते, जुने कर्नल काढून टाकले जातात, किंवा आरंभीच्या मेनूची फाइल नव्याने घडविली जाते. त्यांतील एखादा लागूही पडतो. परंतु तो का लागू पडला हे न कळल्यामुळे पुढील अद्यतनाच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ही विसंगती कशी उत्पन्न होते व तिचा तपास कोणत्या क्रमाने करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. आज्ञा व फाइलींची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावयाची.

ही गोष्ट केवळ आकड्यांच्या विसंगतीची नव्हे. कर्नलची पुष्कळशी अद्यतने सुरक्षिततेतील दोषांवरचे उपाय म्हणून येतात. ‘डर्टी काऊ’ या नावाने ओळखला जाणारा दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाला. तो २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये दडून होता, आणि त्याच्या साह्याने सामान्य खातेदारास ‘रूट’चे सर्वाधिकार मिळविता येत होते. विद्यापीठाच्या एखाद्या विभागातील सामायिक सर्व्हरवर अनेक विद्यार्थ्यांची खाती असतात. तेथे अशा दोषाचा अर्थ काय होतो हे निराळे सांगावयास नको. दुरुस्त कर्नल डिस्कवर आहे, परंतु स्मृतीत जुनाच चालू आहे, अशी स्थिती असेल तर सर्व्हरला काडीचेही संरक्षण लाभलेले नसते. उलट नोंदवहीत ‘अद्ययावत’ असा शेरा पडल्यामुळे त्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही.

या सर्व गोंधळाच्या मुळाशी एक गृहीत आहे. ‘सर्व्हरवर कोणता कर्नल आहे?’ हा एकच प्रश्न आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः ते तीन प्रश्न आहेत. कोणकोणते कर्नल स्थापित आहेत? पुढील आरंभासाठी त्यांपैकी कोणता निवडलेला आहे? आणि या क्षणी कोणता चालू आहे? या तिहींची उत्तरे तीन निरनिराळ्या ठिकाणी असतात व ती निरनिराळे प्रोग्रॅम लिहीत असतात. त्यांत एकवाक्यता असणे हे निसर्गसिद्ध नाही. ती प्रत्येक अद्यतनाच्या वेळी घडवून आणावी लागते. जेथे ती घडत नाही तेथेच दोष शोधावयाचा असतो.

२. आरंभाची साखळी

यंत्रास वीज मिळताच प्रथम फर्मवेअर जागे होते. जुन्या यंत्रांत ते बायॉस या प्रकारचे, तर अलीकडील यंत्रांत यूईएफआय या प्रकारचे असते. फर्मवेअर डिस्कवरील बूट-लोडर शोधून त्याच्या हाती सूत्रे देते. आजच्या बहुतेक सर्व्हरांवर हा बूट-लोडर म्हणजे ‘ग्रब’ होय. ग्रब आपली नियमावली वाचतो, मेनू तयार करतो, ठरावीक सेकंद वाट पाहतो आणि कोणी हस्तक्षेप न केल्यास मुक्रर केलेली नोंद उचलतो. त्या नोंदीत दोन फाइलींची नावे असतात. ‘व्हीएमलिनझ’ या नावाची फाइल म्हणजे प्रत्यक्ष कर्नल. दुसरी ‘इनिट्रॅमएफएस’, म्हणजे मूळ डिस्क सापडेपर्यंत लागणारे ड्रायव्हर ज्यात बांधून ठेवलेले असतात अशी तात्पुरती फाइल-व्यवस्था. या दोन्ही स्मृतीत आणून ग्रब निवृत्त होतो व कर्नलचे राज्य सुरू होते.

या साखळीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कोणता कर्नल चालावा हे कर्नल ठरवीत नाही, पॅकेज-व्यवस्थाही ठरवीत नाही; ते ग्रब ठरवितो. आणि ग्रब ज्या क्षणी हा निर्णय घेतो त्या क्षणी लिनक्स चालूच नसते. तेव्हा आदल्या दिवशी कोणी तरी डिस्कवर लिहून ठेवलेली सूचना एवढाच त्याचा आधार असतो.

हा प्रश्न नवा नाही. ग्रबच्या पूर्वी ‘लिलो’ हा बूट-लोडर प्रचारात होता. लिलोस फाइल-व्यवस्था वाचता येत नसे. कर्नलची फाइल डिस्कवर प्रत्यक्ष कोणकोणत्या ठिकाणी आहे याची यादी तो आधीच करून ठेवी. त्यामुळे नवा कर्नल बसविल्यावर ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा द्यावीच लागे. ती द्यावयाची राहिली तर यंत्र जुन्या कर्नलवर उठे, किंवा मुळीच उठत नसे. ग्रब फाइल-व्यवस्था स्वतः वाचतो, म्हणून ही अडचण दूर झाली. तथापि ‘बसविणे’ आणि ‘निवडणे’ ही दोन कर्मे भिन्न आहेत, हे मूळ सत्य मात्र कायम राहिले.

३. तीन प्रश्नांची उत्तरे कोठे मिळतात

उदाहरणादाखल रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स व त्याच्या कुळातील रॉकी, आल्मा इत्यादी वितरणे घेऊ. कोणते कर्नल स्थापित आहेत हे ‘आरपीएम -क्यू कर्नल-कोर’ या आज्ञेने कळते. तथापि हे पॅकेजांच्या दप्तराचे उत्तर झाले. दप्तरात नोंद असणे आणि ‘/बूट’ या निर्देशिकेत फाइल असणे या दोन गोष्टी ताडून पाहावयास हव्यात; प्रत्येक आवृत्तीसाठी ‘व्हीएमलिनझ’ व ‘इनिट्रॅमएफएस’ अशी जोडी तेथे दिसली पाहिजे.

कोणता कर्नल निवडलेला आहे हे ‘ग्रबी --डीफॉल्ट-कर्नल’ ही आज्ञा सांगते. तिच्या जोडीस ‘ग्रब२-एडिटएन्व्ह लिस्ट’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे ग्रबने जपून ठेवलेली ‘सेव्हड_एन्ट्री’ ही मूळ नोंदच पाहावयास मिळते.

कोणता कर्नल चालू आहे हे ‘यूनेम -आर’ने समजते. परंतु याहून बोलका पुरावा ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ या फाइलीत असतो. ग्रबने कर्नलची कोणती फाइल उचलली हे तेथे ‘बूट_इमेज’ या शब्दापुढे लिहिलेले असते, आणि या कुळातील अलीकडच्या वितरणांत ती कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनमधून उचलली तेही त्यात येते. यंत्र शेवटी केव्हा सुरू झाले हे ‘हू -बी’ सांगते. अद्यतनानंतर यंत्र पुन्हा सुरूच झालेले नाही, एवढेच कारण पुष्कळदा निघते. म्हणून ही वेळ आधी पाहावी.

येथे दोन अपवाद सांगणे अवश्य आहे. चालू कर्नलवर ‘लाइव्ह पॅच’ चढविला असेल तर दोष दूर होऊनही ‘यूनेम’चे उत्तर बदलत नाही. तसेच डॉकरसारख्या कंटेनरच्या आत दिसणारा कर्नल हा यजमान यंत्राचा असतो; कंटेनरमध्ये कितीही अद्यतने केली तरी तो बदलणार नाही. काही भाड्याच्या आभासी सर्व्हरांतही कर्नल यजमानच बाहेरून पुरवितो. तेथे ग्रबची तपासणी करीत बसणे व्यर्थ होय.

आवृत्तीचा क्रमांक वाचतानाही सावध असावे. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीत कर्नलचा आरंभीचा क्रमांक ५.१४.० हाच कायम राहतो. सुधारणा मागे आणून त्यात मिसळल्या जातात व संयोगचिन्हापुढील आकडा वाढत जातो. ९.२ मध्ये तो २८४, ९.३ मध्ये ३६२ व ९.४ मध्ये ४२७ होता. ‘५.१४ म्हणजे जुनाच कर्नल’ असा निष्कर्ष काढणारा येथे फसतो, आणि नुसते ‘५.१४’ पाहून समाधान मानणाराही फसतो.

४. निवडीची नोंद : स्थान की नाव?

निवड नोंदविण्याच्या दोन रीती आहेत. मेनूतील स्थान सांगणे ही एक, आणि नोंदीचे नाव सांगणे ही दुसरी. दोहोंचे दोष निरनिराळे आहेत.

डेबियन व उबुंटू या वितरणांत ‘/एटसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत ‘ग्रब_डीफॉल्ट’ची किंमत साधारणतः ० असते. गणना शून्यापासून होत असल्याने तिचा अर्थ ‘मेनूतील सर्वांत वरची नोंद’ असा होतो, आणि सर्वांत नवा कर्नल वर असतो. येथपर्यंत सर्व ठीक चालते. समजा, नवा कर्नल एखाद्या ड्रायव्हरशी जुळला नाही म्हणून व्यवस्थापकाने त्याच्या आधीचा कर्नल निवडला व ‘१>२’ अशी किंमत लिहिली. म्हणजे मुख्य मेनूतील दुसऱ्या नोंदीखालचा उपमेनू व त्यातील तिसरी नोंद. उपमेनूत प्रत्येक कर्नलच्या दोन नोंदी असतात, एक नेहमीची व एक दुरुस्तीची. नवा कर्नल ‘क’ व जुना ‘ख’ असेल तर ० व १ या नोंदी ‘क’च्या, २ व ३ या ‘ख’च्या, म्हणून ‘१>२’ने ‘ख’ची निवड झाली. काही आठवड्यांनी ‘ग’ हा आणखी नवा कर्नल येतो. आता ० व १ या नोंदी ‘ग’च्या झाल्या आणि २ व ३ या ‘क’च्या. कोणीही निवड बदललेली नाही, तरी निवडला जाणारा कर्नल बदलला. आणि तोही नेमका जो टाळावयाचा होता तोच!

रेड हॅटच्या कुळात ‘ग्रब_डीफॉल्ट’ची किंमत ‘सेव्हड’ अशी असते, आणि निवडलेल्या नोंदीचे नाव ‘ग्रबएन्व्ह’ या लहानशा फाइलीत लिहिलेले असते. आठव्या आवृत्तीपासून (२०१९) प्रत्येक कर्नलची नोंद ‘/बूट/लोडर/एन्ट्रीज’ या निर्देशिकेत स्वतंत्र फाइलीत ठेवली जाते. येथे नाव पक्के असल्याने स्थान बदलले तरी निवड ढळत नाही. परंतु हाच गुण प्रसंगी दोष ठरतो. नोंद नव्या नावाने लिहिली गेली नाही, तर दहा नवे कर्नल आले तरी यंत्र जुन्या नावालाच चिकटून राहते. आणि ते नाव धारण करणारी नोंद नाहीशी झाली, तर ग्रब तक्रार न करता मेनूतील पहिली नोंद उचलतो.

५. साखळी कोठे तुटते

पहिली जागा धोरणाची. रेड हॅटच्या कुळात ‘/एटसी/सिसकॉन्फिग/कर्नल’ या फाइलीत दोन ओळी असतात. ‘अपडेटडीफॉल्ट’ची किंमत ‘येस’ असेल तर नव्याने बसणारा कर्नल आपोआप निवडला जातो. ‘नो’ असेल तर तो नुसता बसतो. ‘डीफॉल्टकर्नल’ ही ओळ कोणत्या जातीच्या कर्नल-पॅकेजास हा मान द्यावयाचा ते सांगते. ओरॅकल लिनक्ससारख्या वितरणात दोन जातींचे कर्नल शेजारी नांदतात. तेथे एका जातीचा कर्नल अद्ययावत करून दुसऱ्या जातीचे नाव या ओळीत राहिले, तर निवड बदलत नाही. यास दोष म्हणता येणार नाही. यंत्राने आज्ञा पाळलेली असते. मात्र ती आज्ञा दोन-तीन वर्षांपूर्वी अन्य कोणी काही कारणाने दिलेली असते व ते कारण कोणास स्मरत नाही.

दुसरी जागा ‘/बूट’ची. हे बहुधा स्वतंत्र व लहान पार्टिशन असते. ते भरले की कर्नलची फाइल उतरते, परंतु तिच्याहून पुष्कळ मोठी असलेली इनिट्रॅमएफएस अपुरी राहते किंवा बनतच नाही. अशा कर्नलची निवड झाल्यास यंत्र मूळ डिस्क न सापडल्यामुळे अडते. याहून फसवा प्रकार म्हणजे अद्यतनाच्या वेळी हे पार्टिशन जोडलेलेच नसणे. तेव्हा नव्या फाइली मूळ डिस्कवरील ‘/बूट’ या रिकाम्या निर्देशिकेत जाऊन पडतात. पॅकेज-व्यवस्था संतुष्ट होते, आणि ग्रब मात्र खऱ्या पार्टिशनमधील जुन्या फाइलीच वाचीत राहतो. ‘फाइंडएमएनटी /बूट’ या एका आज्ञेने याचा निकाल लागतो.

तिसरी जागा नियमावलीच्या प्रतींची. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीपर्यंत बायॉसवरील यंत्रात ग्रबची मुख्य फाइल ‘/बूट/ग्रब२’मध्ये, तर यूईएफआय यंत्रात ती ‘/बूट/ईएफआय’खाली असे. नवव्या आवृत्तीत दोन्ही प्रकारांसाठी ‘/बूट/ग्रब२’ हीच जागा ठरली, व ईएफआयखाली केवळ तिकडे बोट दाखविणारी छोटी फाइल उरली. जुन्या सवयीने त्या छोट्या फाइलीवर नवी नियमावली लिहिणे म्हणजे दोन सत्ताकेंद्रे निर्माण करणे होय. दोन डिस्कांच्या आरशी जोडणीतही हाच धोका संभवतो. प्रत्येक डिस्कवर बूट-लोडरची आपली प्रत असते, आणि फर्मवेअरने दुसरी डिस्क आधी वाचली तर आपण केलेला बदल त्यास दिसतच नाही. यूईएफआय यंत्रात हा क्रम ‘ईएफआयबूटएमजीआर’ने पाहता येतो.

चौथी जागा ‘ग्रबएन्व्ह’ची. ही फाइल नेमकी १०२४ बाइटांची असावी लागते. उरलेली जागा विशिष्ट चिन्हाने भरलेली असते. साध्या संपादकाने ती उघडून फेरफार केल्यास लांबी बदलते व ग्रब ती अवैध ठरवितो. यास्तव तीत बदल करावयाचा तो ‘ग्रब२-एडिटएन्व्ह’ किंवा ‘ग्रबी’ यांच्या द्वाराच.

६. तपासाचा क्रम

वरील विवेचनावरून तपासाचा क्रम आपोआप निष्पन्न होतो. काहीही बदलण्यापूर्वी तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. नवा कर्नल स्थापितच नसेल, किंवा त्याच्या दोन फाइलींपैकी एक नसेल, तर दोष पॅकेज अथवा ‘/बूट’ यांच्याकडे आहे. ग्रबला हात लावण्याचे कारण नाही. तो स्थापित आहे परंतु निवडलेला नाही, अशी स्थिती असेल तर धोरणाची फाइल व निवडीची नोंद पाहावी. तो निवडलेला आहे, यंत्र त्यानंतर सुरूही झाले आहे, तरी चालू मात्र दुसराच आहे, असे दिसल्यास एकच अर्थ उरतो : आपण वाचीत असलेली नोंद आणि ग्रबने वाचलेली नोंद एक नव्हेत. तेव्हा ‘बूट_इमेज’मधील डिस्क व पार्टिशन ताडून पाहावे.

स्थापित कर्नलांची यादीही इतिहास सांगते. डीएनएफ ही पॅकेज-व्यवस्था स्वभावतः तीन कर्नल ठेवते व चौथा आला की सर्वांत जुना काढते. परंतु चालू असलेला कर्नल ती काढीत नाही. यादीत दोन अगदी नवे व एक फार जुना कर्नल दिसला, तर ते यंत्र बराच काळ त्या जुन्यावरच अडकून आहे असे खुशाल समजावे.

७. दुरुस्ती व तिची चाचणी

दोष कळला की दुरुस्ती सहसा एका ओळीची असते. रेड हॅटच्या कुळात ‘ग्रबी --सेट-डीफॉल्ट’ या आज्ञेपुढे कर्नल-फाइलीचा पूर्ण पत्ता द्यावा. डेबियनच्या कुळात ‘/एटसी/डीफॉल्ट/ग्रब’मध्ये स्थानाऐवजी नोंदीची ओळख लिहावी व ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. ती दिल्यावाचून त्या फाइलीतील बदल ग्रबपर्यंत पोहोचत नाही. इनिट्रॅमएफएस नसेल तर ती अनुक्रमे ‘ड्रॅकट’ अथवा ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ने घडवून घ्यावी.

परंतु दूर असलेल्या सर्व्हरवर नवा कर्नल एकदम कायमचा निवडणे धोक्याचे असते. त्यापेक्षा जुनाच कर्नल मुक्रर ठेवून ‘ग्रब२-रीबूट’ने नवा केवळ पुढील एका आरंभासाठी नेमावा, आणि कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=३०’ असे जोडावे. नवा कर्नल कोसळला तर तीस सेकंदांनी यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होऊन जुन्यावर येते. तो नीट चालला, डिस्क, जाळे व आवश्यक सेवा यांची खात्री पटली, की मग त्याची कायम निवड करावी. या योजनेच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे एकवारची नोंद पुसण्यासाठी ग्रबला ‘ग्रबएन्व्ह’वर लिहिता यावे लागते, ‘/बूट’ हे एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर-रेडवर असल्यास त्यास वाचता येते पण लिहिता येत नाही, आणि मग ‘एकवार’ची नेमणूक प्रत्येक आरंभी लागू होते. दुसरी म्हणजे मूळ डिस्क न सापडल्यास यंत्र इनिट्रॅमएफएसच्या आपत्कालीन प्रॉम्प्टवर थांबून राहू शकते. तेथे कर्नल कोसळलेला नसल्याने ते आपोआप परतत नाही. म्हणून दूरस्थ कन्सोलची सोय आधी तपासावी, व मेनूची प्रतीक्षा शून्य सेकंदांवर ठेवू नये.

ज्या जुन्या कर्नलवर यंत्र निश्चितपणे चालते तो नव्याची परीक्षा होईपर्यंत काढू नये, हे यावरून उघड आहे. ‘जुना काढला की नवा आपोआप लागेल’ हा उपाय कधी कधी यशस्वी होतो, कारण नाव नाहीसे झाल्यावर ग्रब पहिली नोंद उचलतो. मात्र त्या यशात परतीची वाट व दोषाचा पुरावा या दोन्ही गोष्टी नष्ट होतात. याउलट काही कारणाने जुन्याच कर्नलवर राहणे भाग असेल, तर ‘अपडेटडीफॉल्ट’ची किंमत ‘नो’ करावी. नुसत्या ‘--सेट-डीफॉल्ट’ने केलेली निवड पुढचे अद्यतन मोडून टाकील. आणि त्या ओळीच्या वर कारण व तारीख टीपेच्या रूपाने लिहून ठेवावी, कारण आज जाणूनबुजून घेतलेला निर्णय पुढे येणाऱ्या व्यवस्थापकास दोषासारखाच दिसतो.

सारांश, पॅकेज-व्यवस्थेने ‘पूर्ण झाले’ असे कळविले म्हणजे कर्नलचे अद्यतन पूर्ण झाले असे होत नाही. स्थापित, निवडलेला व चालू या तिन्ही उत्तरांत एकच आवृत्ती दिसेल तेव्हाच ते पूर्ण झाले असे मानावे, आणि नोंदवहीत शेरा लिहावयाचा तो तिसऱ्या उत्तराच्या आधारे लिहावा.